एस्पेरांतो: द्राक्षाचा वेल ‘जुना’ की ‘म्हातारा’? (जवळजवळ सारख्या शब्दांतला फरक)

वेलीवरचा_मणी

नमस्कार मंडळी. एस्पेरांतो (वेगवेगळ्या देशांच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम बनवलेली भाषा) शिकणारे इथे काही जण आहेत असं मागच्या गप्पांवरून कळलं, म्हणून हा धागा काढतोय.

निमित्त असं की फेब्रुवारीत दिंडोरीकडच्या आमच्या बागेवर ब्राझीलचे एक पाहुणे येणार आहेत. पास्पोर्ता सेर्वो म्हणून एक सोय आहे, एस्पेरांतो बोलणाऱ्यांनी एकमेकांना घरी उतरवून घ्यायची, त्यातून. त्यांना इंग्रजी जेमतेम येतं आणि मला पोर्तुगीजचा गंध नाही. पत्रव्यवहार सगळा एस्पेरांतोत. बागेबद्दल सविस्तर लिहायला बसलो आणि दर दुसऱ्या शब्दाला अडलो. कोशात इंग्रजी शब्दासमोर एस्पेरांतोचे दोन-तीन शब्द दिलेले असतात. त्यांतला कुठला कधी वापरायचा, यावर कोश गप्प.

मग मी इंग्रजी बाजूला ठेवून थेट मराठीतून विचार करायला लागलो आणि बऱ्याच गाठी आपोआप सुटल्या. (शब्द देवनागरीतच लिहितो. उच्चार लिहिल्याप्रमाणे, जोर शेवटून दुसऱ्या स्वरावर.)

उदाहरणार्थ स्त्सीई, कोनी आणि स्त्सिपोवी. इंग्रजी या तिघांना एकाच क्रियापदात कोंबतं. आपल्याकडे हे तीन वेगळेच आहेत. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे हे मला माहीत आहे: स्त्सीई. तिथल्या एका ग्रंथपालांना मी ओळखतो: कोनी. मला पोहता येतं: स्त्सिपोवी. मराठी माणसाला यात शिकण्यासारखं काही नाहीच.

दुसरं, शाती आणि प्लाची. दोन्ही ‘आवडणे’. पण ‘ला विनो प्लाचास अल मी’ म्हणजे शब्दाला शब्द ‘वाइन मला आवडते’. आवडते ती वाइन, मी नुसता ‘मला’. (आणि हो, एस्पेरांतोत मी म्हणजे मीच.) ‘मी शातास ला विनोन’मध्ये मात्र मी कर्ता आणि वाइन कर्म. तिथे माझं मत आलं, मी तिला मानतो, तिची कदर करतो असा रंग आला. पहिल्या घोटाला जीभ जे बोलते ते प्लाची. चार बाटल्या तुलना करून जे ठरतं ते शाती. निदान मला तरी असं वाटतं. आमी या दोघांहून वेगळा. तो प्रेमाचा, माणसांसाठी राखलेला बरा.

तिसरं, दा आणि दे. ‘ग्लासो दा विनो’ म्हणजे ग्लासभर वाइन. ‘ग्लासो दे विनो’ म्हणजे वाइनचा ग्लास, मग तो रिकामा का असेना. आपला ‘-भर’ हाच एस्पेरांतोचा दा. पेटीभर द्राक्षं आणि द्राक्षांची पेटी यांत मार्केटला कुणी गल्लत करणार नाही.

आता अडलोय ते सांगतो.
वडिलांनी लावलेले वेल आहेत, त्यांना मालनोवा म्हणू की मालयूना?
‘छाटणी’ला काय? कोशात कापण्याचे अर्धा डझन शब्द निघाले.
आणि ‘बाग’ला जार्देनो चालेल का? त्यावर मला फुलझाडं आणि झोपाळा दिसायला लागतो.

गोदातीर

मस्त धागा. वेलांपुरतं उत्तर देते.

मालयूना म्हणजे ‘तरुण नसलेला’ आणि मालनोवा म्हणजे ‘नवा नसलेला’. जे जन्मतं, वाढतं, थकतं त्याला मालयूना. झाडांनाही. माझ्या वाचनात जुनी झाडं बहुतेक मालयूनाच आलीत. खुर्ची, वाडा, कायदा, चाल हे सगळं मालनोवा. आणि इथे तुमच्या मराठीच्या किल्लीने कुलूप उघडत नाही बघा. आपण ‘जुना वड’ म्हणतो, ‘म्हातारा वड’ कुणी कवीच म्हणेल. म्हणजे मराठीवर विसंबलात तर वेलाला मालनोवा लावाल आणि वाचणाऱ्याला वेल अडगळीत टाकलेल्या सामानासारखा वाटेल.

मजा मित्राच्या बाबतीत होते. ‘मालनोवा अमीको’ म्हणजे जुना मित्र, पंचविशीचाही असू शकतो. ‘मालयूना अमीको’ म्हणजे वयोवृद्ध मित्र, कालच ओळख झालेलाही चालेल. मराठी इथे मात्र बरोबर वाट दाखवते.

तुमचं कोनीचं सूत्रही थोडं सैल आहे. ‘मला नाशिक चांगलं माहीत आहे’ असंच आपण म्हणतो ना? एस्पेरांतोत त्याला कोनीच लागतो, स्त्सीई नाही. गावाशी, पुस्तकाशी, गाण्याशी परिचय असतो तेव्हा कोनी. ‘की’ लावून पुढे वाक्य जोडता आलं तर स्त्सीई. माहीत/ओळखणेपेक्षा ही कसोटी पक्की आहे.

शब्दखोर

छाटणीवर लिहायचा मोह आवरत नाही, कारण कापण्याचे शब्द हा माझा आवडता विषय.

एस्पेरांतोत कापण्याचे शब्द हत्यारावरून ठरतात. सुरीने ते त्रांची, कात्रीने तोंदी, कुऱ्हाडीने हाकी, करवतीने सेगी, गवत-पिकाला लांब विळ्याने फाल्ची, वस्तऱ्याने राझी. यांना ‘-इलो’ जोडलं की हत्यार तयार: त्रांचीलो सुरी, तोंदीलो कात्री, हाकीलो कुऱ्हाड, सेगीलो करवत.

मराठी हत्याराकडे बघत नाही, कापली जाणारी वस्तू आणि कापण्यामागचा हेतू बघते. भाजी चिरायची, मग ती विळीवर असो की सुरीने. केस कापायचे, कात्रीने असो की मशीनने. गहू-बाजरी सोंगायची. फूल खुडायचं. फांदी छाटायची, झाड तोडायचं. आपल्याकडे ‘भाजी कापली’ म्हटलं तर आजी ‘चिरली’ म्हणून सुधारते, पण कशाने चिरली हे विचारत नाही.

तेव्हा मणीभाऊ, मराठीतून शिकायचं तर कापण्याच्या बाबतीत सगळी मांडणी फिरवून घ्यावी लागेल. तुम्ही छाटणी कात्रीने करता, म्हणून धातू तोंदी. सगळीकडून, चहूबाजूंनी कापणं दाखवायला ‘प्री-’ लावा: प्रितोंदी. खास झाडाझुडपांची, केसांची टोकं छाटायला स्तूत्सी असाही एक शब्द आहे. नेमका आहे, पण प्रत्येकाला ठाऊक असेलच असं नाही. परक्या माणसाला पत्र लिहिताना मी प्रितोंदीच लिहीन.

द्राक्षं काढायला मात्र तोंदी नको. घड कात्रीनेच कापतात हे मान्य, पण तिथे महत्त्व कापण्याला नाही, झाडावरून फळ घेण्याला आहे. एक घड खुडला तर प्लूकी, सगळ्या बागेची काढणी ती रिकोल्ती. आणि मण्यांच्या विरळणीला तयार शब्द शोधू नका, जुळवा: माल-देन्स-ईगी, म्हणजे दाट असलेलं विरळ करणं. आपल्या ‘विरळणी’पेक्षा लांब आहे खरा, पण ब्राझीलचा माणूस पहिल्या वाचनात समजेल.

एक सावधगिरी. एप्रिलच्या खरड छाटणीला (काढणीनंतरच्या) ‘वसंतातली’ असं काही लिहू नका. त्यांच्याकडे एप्रिलमध्ये शरद असतो. सरळ ‘अप्रीला’ आणि दुसऱ्या छाटणीला ‘ओक्तोब्रा’ म्हणा. एकाच वेलाची वर्षातून दोनदा छाटणी होते याचं युरोपातल्या द्राक्षवाल्याला नवल वाटतं, ब्राझीलच्या ईशान्येकडच्या माणसाला कदाचित वाटणार नाही. तिकडे साओ फ्रान्सिस्को नदीच्या खोऱ्यात उष्ण हवेतली द्राक्षं होतात आणि वर्षाला दोन पिकंही घेतात.

वेलीवरचा_मणी

सर, साष्टांग. खरड छाटणीला मी ‘प्रिंतेम्पा’च (वसंतातली) लिहिणार होतो, तेवढ्यात तुमचा प्रतिसाद आला.

बागेचं काय?

शब्दखोर

वीतो म्हणजे वेल, विनबेरो म्हणजे द्राक्ष, ग्रापोलो म्हणजे घड. वितेयो म्हणजे वेलांची जागा, विनबेरेयो म्हणजे द्राक्षांची. दोन्ही बरोबर. पण तुमच्या मनातला शब्द एस्पेरांतो बनवणाऱ्या झामेनहोफनेच देऊन ठेवलाय. त्यांनी बायबलच्या जुन्या कराराचं भाषांतर केलं, त्यात विनबेरजार्देनो आहे. तंतोतंत द्राक्षबाग. जार्देनोतला झोपाळा विनबेर जोडताच नाहीसा होतो.

कोरा_कागद

मी इथला ठरलेला शंकासुर, चालवून घ्या.

मराठीत चिरणे-कापणे वेगळं झालं ते शेकडो वर्षांच्या स्वयंपाकघरांतून. एस्पेरांतो वॉर्सातल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने १८८७ साली पुस्तिका छापून जगापुढे ठेवली. त्यात शब्द होते सुमारे ९००. टेबलावर बसून बनवलेल्या भाषेत अर्थाच्या छटा येणार कुठून? तुम्ही जो ‘रंग’, ‘छटा’ म्हणताय तो तुम्हीच आपापल्या मातृभाषेतून त्यात ओतताय. फ्रेंच माणूस त्याचा ओतेल, जपानी त्याचा. मग फरक ठरवणार कोण?

गोदातीर

कोरा, अर्धा प्रश्न बरोबर आहे.

शातीचंच घ्या. झामेनहोफच्या मूळ शब्दसंग्रहात त्याचा अर्थ मोलाचं मानणे, कदर करणे असा होता. नुसतं ‘आवडणे’ नव्हे. आज बहुतेक लोक तो साध्या आवडीसाठी वापरतात, चहापासून मांजरापर्यंत. हा बदल कुणी समिती बसवून केला नाही, बोलणाऱ्यांच्या वापरातून झाला. जुनी पुस्तकं वाचणाऱ्याच्या कानात जुना अर्थ अजून घुमतो, म्हणून मणीला ‘चार बाटल्यांनंतरचं मत’ वाटतं. छटा टेबलावर तयार झाली नसेल, वापरात झालीये. सव्वाशेहून जास्त वर्षं लोक या भाषेत भांडतायत, लग्नं करतायत, काही मुलं तर ती घरातच शिकून मोठी झालीत.

शब्दखोर

आणि भांडण म्हणाल तर अगदी इरेला पेटून. एका प्रत्ययावरून.

‘सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झालं’ हे वाक्य घ्या. ‘एस्तीस फोंदीता’ की ‘एस्तीस फोंदाता’? ‘-ईता’ म्हणजे क्रिया पुरी झालेली, ‘-आता’ म्हणजे क्रिया चालू असलेली. एका गटाचं म्हणणं, १८४० साली स्थापना पुरी झाली, म्हणून फोंदीता. दुसरा गट म्हणे, छे, त्या साली स्थापनेची क्रिया घडत होती, ती पुरी झालेली अवस्था नंतरची, म्हणून फोंदाता. पहिले ‘ईतावाले’, दुसरे ‘आतावाले’. हा वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी १९६७ साली एस्पेरांतोच्या अकादमीने ईतावाल्यांच्या बाजूने कौल दिला.

मराठी माणसाला यात बाजू घेणं अवघड नाही. ‘बांधलं जात होतं’ आणि ‘बांधलं गेलं’ यांत आपण रोज फरक करतो. १८४० साली वाचनालय ‘स्थापन होत होतं’ असं कुणी म्हणत नाही. मी जन्मजात ईतावाला.

कोण ठरवणार, याचं उत्तर: पाया १९०५ साली फ्रान्समध्ये बूलोन्य-स्यूर-मेरच्या पहिल्या जागतिक संमेलनात ठरला. त्याला फुंदामेंतो म्हणतात, त्याला हात लावायचा नाही. त्यावर जे चढत गेलं ते लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांचं. अकादमी फार तर शिक्का मारते.

लासलगावकर

मी कांद्याचा माणूस, द्राक्षवाल्यांच्या धाग्यात घुसतोय, माफी. (कांद्याला त्सेपो म्हणतात, कळवून ठेवतो.)

माझा आवडता फरक -एब्ला, -ईंदा आणि -एंदा. करता येण्याजोगं, करण्याच्या लायकीचं, करायलाच हवं असं. नळाचं पाणी त्रिंकेब्ला, पिता येतं. मणीच्या बागेची वाइन त्रिंकींदा, प्यावी अशी. आणि ताप आल्यावर आईने केलेला काढा त्रिंकेंदा, सुटका नाही.

आपला ‘-नीय’ यातलं बरंच काम करतो, पण नेमकं कुठलं ते सांगत नाही. प्रेक्षणीय म्हणजे विदींदा, वाचनीय म्हणजे लेगींदा, इथवर ठीक. पण ‘असहनीय’मध्ये तोच -नीय ‘एब्ला’चं काम करतो, ‘दंडनीय’मध्ये दोन्हींच्या मधे कुठेतरी लटकतो. पाहुण्यांना रामकुंड विझितींदा आहे म्हणा. विझितेंदा म्हटलं तर सक्तीची सहल होईल.

पंचवटीची_मावशी

तुमचं सगळं एस्पेरांतोच्या श्रीमंतीवर चाललंय, मी तिची गरिबी सांगते.

नी. एवढाच एक शब्द ‘आपण’ला आणि ‘आम्ही’लाही. मणी, तू पत्रात ‘नी मांजोस चे ला रिवेरो’ लिहिलंस, नदीकाठी जेवू, तर पाहुण्याला कळायचं कसं की त्यालाही ताट आहे? ‘आम्ही गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) जेवणार आहोत’ आणि ‘आपण गंगेवर जेवू’ यांत आपल्याकडे निमंत्रणाचा फरक पडतो. ‘नी कूने’, म्हणजे आपण सोबत, किंवा ‘वी काय नी’ असं काहीतरी लिहीच.

तू आणि तुम्हीचंही तेच. मुळात ‘त्सी’ हा एकेरी शब्द आहे, पण पायाच्या पुस्तकातच लिहून ठेवलंय की त्याच्या जागी सहसा ‘वी’च वापरतात. म्हणजे देवालाही वी, मांजरालाही वी. मला हे आवडतं, खरं सांगायचं तर. सासरी पहिली दोन वर्षं कुणाला अहो आणि कुणाला अगं, यातच जीव गेला होता.

नात्यांमध्ये मात्र फार हाल. काका, मामा, मावशीचे यजमान, आत्याचे यजमान, सगळे ओन्क्लो. काकू, मामी, आत्या, मावशी, सगळ्या ओन्क्लीनो. मामेभाऊ आणि आतेभाऊ एकाच कूझोत. आमच्या घरच्या लग्नाचं वर्णन एस्पेरांतोत करायचं म्हणजे वंशावळ सोबत जोडावी लागेल.

शब्दखोर

मावशी, जोडशब्द करा. पात्रीनफ्रातो म्हणजे आईचा भाऊ. कोशात असो-नसो, कुणीही समजेल. या भाषेची खरी ताकद तीच आहे. शब्द नसेल तर समोरच्याला समजेल असा जुळवता येतो आणि तो चूक ठरत नाही.

याच मुद्द्यावर तिथेही दोन तट आहेत. काही कवींनी ‘मालयूना-मालनोवा’ऐवजी ओल्दा, ‘मालरापीदा’ (सावकाश) ऐवजी लांता, ‘माललोंगा’ (आखूड) ऐवजी कूर्ता असे सुटसुटीत शब्द आणले. कवितेत बसतात. क्लोद पिरों नावाचे स्विस लेखक, पूर्वी संयुक्त राष्ट्रसंघात भाषांतरकार होते, ते याला कडाडून विरोध करत. त्यांचं म्हणणं, जे जुन्या मुळांतून जुळवता येतं त्यासाठी नवे शब्द घेऊन शिकणाऱ्याच्या डोक्यावर ओझं कशाला?

मी पिरोंच्या बाजूचा. ओल्दा आला की मालयूना आणि मालनोवातला फरकच बुडतो. गोदातीरने वर इतकं छान समजावलं ते सगळं एका आखूड शब्दात वाहून जाईल.

कोरा_कागद

पण सर, मालसानुलेयो आणि होस्पितालो दोन्ही चालतातच ना? तिथे कुणाचं ओझं वाढलं?

शब्दखोर

चालतात, आणि आपल्याकडे रुग्णालय आणि हॉस्पिटल चालतात तसेच चालतात. मालसानुलेयो म्हणजे आजारी माणसांची जागा, रुग्ण अधिक आलय, तीच घडण. दोन शब्द शेजारी राहिले की कालांतराने आपापली कामं वाटून घेतात. आपण ‘दवाखाना’ म्हटलं की गल्लीतले डॉक्टर आठवतात, रुग्णालय म्हटलं की सरकारी पाटी. बाकी मी मुद्दा सोडत नाही, तुम्हीही सोडू नका.

गोदातीर

मणी, पत्राचा कच्चा खर्डा टाक ना इथे.

वेलीवरचा_मणी

मूळ पत्र टाकत नाही, घरगुती बरंच आहे त्यात. काही वाक्यांचा मराठी अर्थ देतो, बाजूला मी निवडलेला शब्द:

“आमचे वेल म्हातारे आहेत पण अजून फळ धरतात.” मालयूनाय वीतोय.
“हंगाम संपला नसेल.” इथे फिनीजी, कारण हंगाम आपणहून संपतो. “आम्ही काढणी संपवली नसेल” याला फीनी. संपणे-संपवणे असल्यामुळे हे मला सोपं गेलं.
“गेल्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत राहिला.” पासिंतयारे. लास्ता टाळला. ‘ला लास्ता रिकोल्तो’ म्हटलं तर शेवटची काढणी की अलीकडची, हे कळत नाही, आणि पाहुण्यांना वाटेल बाग विकतोय.
“सकाळी मी पाणी उकळेन, तुम्ही चहा सांगा कसा घेता.” बोली.

गोदातीर

बाकी सगळं छान, शेवटचं बदल. ‘पाणी उकळतं’ आणि ‘मी पाणी उकळतो’, मराठीत दोन्हीकडे उकळणेच. एस्पेरांतोत बोली फक्त पाण्याचं काम. तुझं काम बोलीगी. नाहीतर तूच उकळशील.

जळणे-जाळणे, तुटणे-तोडणे या जोड्याही तपासून बघ. ब्रूली म्हणजे जळणे, म्हणून जाळायला ब्रूलीगी. पण रोंपी म्हणजे तोडणे, म्हणून तुटायला रोंपीजी. जोडी आपल्यासारखीच, पण मूळ धातू कुठल्या बाजूला आहे ते प्रत्येक वेळी पाठच करावं लागतं. याला मराठीची किल्ली नाही.

वेलीवरचा_मणी

बोलीगी केलं. ‘नी’च्या पुढे सगळीकडे ‘कूने’ टाकलं, मावशींच्या आज्ञेवरून.

लासलगावकर

जाता जाता: बेदाणा आणि मनुका वेगळे सांगायचे असतील तर? पाहुण्यांना सोबत दोन्ही द्याल ना.

शब्दखोर

दोन्ही सेकविनबेरो, म्हणजे सुकं द्राक्ष. बेदाण्याला पुढे सेनसेमा लावा, बिनबियांचा. काळ्या मनुकेला निग्रा काय कुन सेमोय, काळी आणि बियांसकट. पिशवीवर लिहिलंत तरी पुरे.